दोन जिवांची

धाकटी तपासणीला निघाली तेव्हा ऊन चांगलंच वर आलं होतं. थोरलीने दारापर्यंत येऊन तिच्या पिशवीत पाण्याची बाटली घातली, चपला सरळ करून पायाशी ठेवल्या आणि म्हणाली, "सावकाश जा गं. आता तू दोन जिवांची आहेस."

अशी जाऊ मिळायला नशीब लागतं, असं धाकटी कौतुकाने सांगायची. नवरा मालाची गाडी घेऊन आठवडा आठवडा बाहेर. दीर सकाळी गेले की अंधार पडल्यावर येणार. सासू जाऊन वर्ष झालेलं. घरात जिवाला जीव देणारं कुणी असेल तर ही थोरली.

दवाखान्यात नर्सबाईंनी पोटाला टेप लावली, मग पुन्हा लावली. डोळ्याची खालची पापणी ओढून आत पाहिलं.

"सातवा ना तुझा? पोट पाचव्याचं दिसतंय. जेवतेस की नुसता वास घेतेस?"

"जेवते की! घरात दूध येतं, अंडी येतात. ताई स्वतः जाऊन आणतात..."

दूध येत होतं, हे खरं. पण आपण शेवटचं कधी प्यायलो? तिच्या ताटात असायचा चिमूटभर भात आणि त्यावर भाजीचं पाणी. जास्त खाल्लंस तर बाळ पोसतं आणि बाळंतपण जड जातं, असं थोरली प्रेमाने समजवायची. रक्तवाढीच्या गोळ्या आणि पावडरचा डबाही, 'तू वेंधळी, विसरशील' म्हणून तिनेच आपल्या कपाटात ठेवला होता.

"बाळ मोठं होतं म्हणून उपाशी राहायचं?" नर्सबाई भडकल्या. "कुणी घातलं हे खूळ डोक्यात? अगं, तुझ्याच अंगात रक्त नाही, तर त्याला कुठून मिळणार? दिवस भरायच्या आधी येईल, आणि येईल तेही मुठीएवढं. तुझ्याही जिवावर बेतेल."

घरचा जिना चढताना तिच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. कठड्याला धरून ती वर आली. दार नुसतं लोटलेलं होतं. आत सामसूम. शिवणयंत्रावर कालचा अर्धा शिवलेला परकर तसाच पडलेला.

मग तो आवाज आला. चमचा वाटीला लागल्याचा, आणि पाठोपाठ ओठांचा... चुटूचुटू.

हा आवाज तिला नवा नव्हता. यंत्र चालवताना, पायडलच्या खडखडाटाआड, तो कितीदा तरी ऐकू यायचा. मांजर असेल म्हणून तिने सोडून दिलं होतं. आज यंत्र बंद होतं आणि आवाज मागच्या खोलीतून येत होता.

ती खोली उघडायची नाही, असा घरात नियम होता. थोरलीचं बाळ तिथेच जन्मलं होतं. सासूने थोरलीला नऊ महिने अर्धपोटी ठेवलेलं. बाळ तळहातावर मावेल एवढं निघालं, रडलंच नाही.

धाकटीने दार ढकललं. आत दिवसाढवळ्या अंधार. कोमट दुधाचा वास, आणि त्याखाली ओल्या दुपट्यांचा, जुना. थोरली पाठमोरी मांडी घालून बसली होती. शेजारी पावडरचा डबा उघडा, सोललेल्या अंड्यांची टरफलं. ती चमचा भरायची, मांडीशी न्यायची. चमचा रिकामा परत यायचा. खाली एक थेंब सांडत नव्हता.

धाकटीने बाजूला होऊन वाकून पाहिलं. मांडीवर कुणी नव्हतं. पण थोरलीच्या साडीचं कापड मधोमध खोलवर दबलेलं होतं.

"ताई... हे कुणाला?"

थोरली वळली नाही. "हळू बोल. आत्ता कुठे खायला लागलाय."

"ते माझं होतं, ताई. माझ्या बाळाचं..."

"दोन जिवांचंच वाढते ना मी? एक तू, एक हा." आवाजात राग नव्हता, नेहमीचीच माया होती. "तुझं अजून आलंय कुठे? याचा नंबर आधी. मला तेव्हा कुणी दिलं होतं गं... सांग ना, कुणी दिलं होतं?"

धाकटीच्या पायाला मऊ काही लागलं. तिने स्वतः शिवलेलं झबलं, नव्या बाळाच्या मापाचं. 'जपून ठेवते' म्हणून थोरलीने मागून घेतलेलं. तिने ते उचललं. काखेत उसवलं होतं. कात्रीने उसवलेली शिवण आणि अंगाला कमी पडून ताणून फाटलेली शिवण, यातला फरक तिच्या बोटांना कळत होता.

जिला सख्खी बहीण मानलं, तिने केसाने गळा कापला होता. रोज, मायेने, वाढता वाढता. भीतीपेक्षा तेच धाकटीला जास्त लागलं. ती त्याच पावली आईकडे गेली.

आईने तिला हाताने भरवलं. नवरा धावत आला, डोळ्यांत तेल घालून जपू लागला. पण गेलेले महिने काही परत येत नाहीत. मुलगी दिवस भरायच्या आधीच आली. इवलीशी, सुरकुतलेली, पण श्वास घेणारी. "अंगाशी ऊब दे आणि पाजत राहा, जगेल," नर्सबाई म्हणाल्या.

दुपारी, आई डबा आणायला घरी गेलेली असताना, थोरली दवाखान्यात आली. एका बाजूला कललेली चालत होती, कडेवर भार असल्यासारखी. धाकटीने मुलीला छातीशी घट्ट धरलं. तिच्या अंगात ओरडायचंही त्राण नव्हतं.

थोरलीने मुलीकडे पाहिलंही नाही. ती खाटेच्या दुसऱ्या बाजूला वाकली, काहीतरी अलगद ठेवल्यासारखे हात सोडले आणि चादर नीट खोचली.

"मला नाही पुरत आता. अंगावरचं मागतो... तू दोन जिवांची. सांभाळशील."

जाताना ती अगदी ताठ चालत गेली.

थोड्या वेळाने नर्सबाई फेरीला आल्या. मुलगी डावीकडे चोखून चोखून रडत होती. "तिकडचं संपलं असेल, उजवीकडे घे," त्या म्हणाल्या, आणि मदत करायला वाकून थबकल्या.

"अगं, ही बाजू तर पार रिकामी आहे. आत्ताच पाजलंस ना?"

धाकटीने नकारार्थी मान हलवली. उजवीकडे तिने अजून कुणालाच घेतलं नव्हतं.