न शिकवलेला झरोका

सकाळच्या तक्रारी पडद्यावर उमटल्या आणि यामिनी खोत यांनी चहाचा कप न पिताच खाली ठेवला.

झरोका ही प्रणाली फुकट होती. आवळून बांधलेल्या चित्रपेट्या, म्हणजे संगणकात दाबून लहान केलेल्या चित्रांच्या फायली, न सोडता आतली हजारो चित्रं एकामागून एक दाखवायची, एवढंच तिचं काम. यामिनीबाई संगणन प्रयोगशाळेतली नोकरी सांभाळून, चार-पाच हौशी सहकाऱ्यांच्या मदतीने, कित्येक वर्षं ती चालवत होत्या. या काळात त्यांच्या लक्षात आलेली एकच गोष्ट निरपवाद होती: माणूस विकतच्या वस्तूबद्दल कुरकुरतो, फुकटच्या वस्तूबद्दल जाब विचारतो.

आज एकाला पानं उजवीकडून डावीकडे उलटायला हवी होती. दुसऱ्याने नुसतंच 'चालत नाही' असं लिहिलं होतं. काय चालत नाही, कुठे चालत नाही, हे सांगण्याची त्याला गरज वाटली नव्हती. आणि शेवटी, अर्थातच, देवरुखचे अच्युत गोगटे.

'महोदया, स.न.वि.वि. माझ्याकडे काड्यापेट्यांच्या छापांचा संग्रह आहे, हे आपणांस पूर्वी अनेकदा कळवले आहे. हत्ती छापाच्या एका पेटीवर चुकून एकच सुळा छापला गेला होता. म्हणून तर ती दुर्मीळ. भाच्याच्या संगणकावर आपला नवा झरोका तिला दोन सुळे दाखवतो. दुसरा सुळा आपण कोठून आणला, याचा खुलासा व्हावा. तोवर मी जुनाच झरोका वापरणार. कळावे.'

यामिनीबाईंनी ठरलेलं उत्तर पाठवलं, 'कृपया नवी आवृत्ती वापरावी', आणि तक्रार निकालात काढली. हे त्यांनी यापूर्वी इतक्यांदा केलं होतं, की बोटांना सवय झाली होती.

तेवढ्यात दार ढकलून डॉ. रोशन मुजावर आत आले. ते वनस्पतिशास्त्रज्ञ. सड्यांवरच्या, म्हणजे कोकणातल्या सपाट कातळमाथ्यांवरच्या फुलांचा अभ्यास करण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. एरवी हळू बोलणारा हा माणूस आज धापा टाकत होता.

"ताई, सापडली! काजळी सापडली!"

त्यांनी आणलेली चित्रपेटी त्यांच्या विद्यार्थीदशेतली होती, झरोक्याच्या पहिल्या आवृत्तीने बांधलेली. यामिनीबाईंनी ती उघडली. कातळाच्या भेगेत एक बोटभर उंचीचं फूल. पाच पाकळ्या जांभळट, मध्यभागी कोणी काजळाचं बोट टेकवावं तसा ठिपका. मागे वेळसईच्या सड्यावरचा जोडकातळ स्पष्ट ओळखू येत होता.

"तेव्हा मला हे काय फूल आहे हेच माहीत नव्हतं. नुसता फोटो काढला आणि विसरलो. काही वर्षांनी दुसऱ्या सड्यावर हीच जात मिळाली, मी तिचं वर्णन केलं, चित्रं छापली. तो सडा आता चिरेखाणीत गेलाय. आता वेळसईवर खाण मागतायत. मी म्हणतो तिथे काजळी होती, परवाना देणारी समिती म्हणते पुरावा दाखवा."

"पण आता तिथे नाही ना ती?"

"वर नाही. पण तिचा कंद कातळाखालच्या मातीत वीस-वीस वर्षं झोपून राहतो. तिथे एकदा उगवली हे सिद्ध झालं, तर कायद्याने सडा राखावा लागतो. नाहीतर पावसाळा संपला की यंत्रं लागतील. आणि खाणवाले काय म्हणतायत माहितीये? 'हा सडा मेलेलाच आहे, इथे किडासुद्धा नाही.' पुरावा म्हणून माझाच निबंध जोडलाय! गेल्या दशकातल्या फोटोंवरून मी लिहिला होता, सड्यावरच्या फुलांवर किडींनी कुरतडल्याच्या खुणा जवळजवळ नाहीशा झाल्यात म्हणून. माझ्याच काठीने मला झोडपतायत."

समितीच्या तांत्रिक सल्लागार होत्या डॉ. शलाका बर्वे. एकेकाळच्या यामिनीबाईंच्या विद्यार्थिनी. त्या दुपारी आल्या, चित्राकडे बराच वेळ पाहत राहिल्या, आणि म्हणाल्या, "सुंदर आहे. पण मॅडम, हे मी पुरावा म्हणून घेऊ शकत नाही."

मुजावर उसळले. "का? डोळ्यांना दिसत नाही का?"

"दिसतंय. ते कोणी दाखवलं, हा प्रश्न आहे. मॅडम, तुम्हीच सांगा ना त्यांना. तुम्हीच शिकवलंय मला."

यामिनीबाईंनी कपाळ चोळलं. ही मुलगी वर्गातही अशीच होती. उत्तर माहीत असताना प्रश्न विचारायची.

"मुजावर, असं बघा. तुमच्या बहिणीला तुम्ही फोनवर सांगितलंत, 'अम्मीने आज पुन्हा तेच केलं', तर तिला सगळं कळतं?"

"सगळं. अम्मी कुठे उभी होती इथपर्यंत."

"मला सांगितलंत तर?"

"तुम्हाला तासभर सांगावं लागेल."

"झरोका बहिणीसारखा आहे. त्याच्यात एक अंदाजकोश असतो. लाखो चित्रं पाहून जग साधारण कसं दिसतं हे त्याने मनात साठवलेलं असतं. पेटी बांधताना अख्खं चित्र आत ठेवत नाहीत. जिथे झरोक्याचा अंदाज चुकेल, तेवढ्याच ठिकाणच्या खुणा ठेवतात. आकाश निळं, ठेवू नका. कातळ काळा, ठेवू नका. उघडताना बाकीचं तो स्वतः भरतो. म्हणून पेट्या इतक्या लहान होतात."

"म्हणजे अर्धं चित्र पेटीत, आणि अर्धं पाहणाऱ्याच्या डोक्यात?"

"हो."

"आणि आताच्या झरोक्याचा अंदाजकोश," बर्वे हळूच म्हणाल्या, "तुमची काजळीची छापील चित्रं पाहून शिकलेला आहे, सर. त्याला काजळी पाठ आहे. पेटीत कदाचित कुठलंतरी साधं जांभळं फूल असेल आणि याने आपल्या हुशारीने तिथे काजळी काढली असेल. खाणवाल्यांचा वकील पहिल्याच मिनिटाला हे विचारेल."

मुजावर खुर्चीत बसले. त्यांचा चेहरा पाहून यामिनीबाईंना स्वतःचाच संताप आला. वर्षानुवर्षं त्यांनी झरोका हुशार केला होता, आणि हुशारीच आता त्याच्या साक्षीच्या आड येत होती.

"खुणा तेवढ्या दाखवता येत नाहीत?" मुजावरांनी विचारलं.

"खुणा म्हणजे नुसती उत्तरं. कोणत्या प्रश्नांची, ते पहिल्या अंदाजकोशालाच माहीत. नवा कोश ते आपल्या मनाने जुळवून घेतो, एवढंच. प्रश्नपत्रिका हरवली तर उत्तरांचं काय करणार?"

"मग तो पहिला अंदाजकोश आणा!"

आवृत्त्यांची आज्ञावली, अगदी पहिल्या दिवसापासूनची, ओळ न् ओळ जपलेली होती. त्याबद्दल झरोक्याच्या मंडळींना अभिमान होता. पण अंदाजकोश आकाराने अवाढव्य, आणि जागा दान मिळालेली, अपुरी. नवा कोश जुन्यापेक्षा सगळं छान दाखवतो, मग जुना कशाला ठेवायचा, असं एकमताने ठरलं होतं. प्रणालीचा सांगाडा सगळ्यांनी मिळून जपला होता आणि मेंदू सगळ्यांनी मिळून फेकून दिला होता.

"कोणी मूर्खासारखा जुनीच आवृत्ती वापरत बसलेला असेल, तरच..." यामिनीबाई म्हणाल्या, आणि वाक्य अर्धंच राहिलं.

त्यांनी निकालात काढलेल्या तक्रारी पुन्हा उघडल्या.

गोगट्यांचं घर देवरुखच्या बाजारपेठेमागे होतं. यामिनीबाई, मुजावर आणि बर्वे पेटी घेऊन तिथे पोचले. खोलीत जुना संगणक पांढऱ्या कापडाखाली झाकलेला होता. गोगटे स्वतः शिडशिडीत, ताठ, आणि या क्षणाची कित्येक वर्षं वाट पाहत असल्यासारखे.

"या. तुम्हीच का त्या 'कृपया नवी आवृत्ती वापरावी'?"

"मीच," यामिनीबाई म्हणाल्या.

"आधी सुळा. मग तुमचं फूल."

मुजावर काही बोलू पाहत होते. यामिनीबाईंनी त्यांना डोळ्यांनी थांबवलं. गोगट्यांनी जुन्या झरोक्यात हत्ती दाखवला. एक सुळा. मग भाच्याकडून मागून आणलेल्या संगणकावर तोच हत्ती नव्या झरोक्यात. दोन सुळे. दुसरा पहिल्यापेक्षाही टोकदार.

"चुकलेल्या छपाईलाच किंमत असते, बाई. तुमचं यंत्र शहाणपणा करून ती चूक सुधारतं. हे मी साध्या मराठीत किती वेळा लिहायचं?"

यामिनीबाई दोन्ही पडद्यांकडे पाहत राहिल्या. असं का होतं, ते त्यांना ठाऊक होतं. चित्रात डाग दिसतात म्हणून लोकांनी उच्छाद मांडला होता. शेवटी वैतागून त्यांनीच एक नियम घातला होता: अंदाजाविरुद्ध जाणारी खूण एखाददुसरी आणि लहान असेल, तर ती धूळ समजून पुसावी. तक्रारी थांबल्या होत्या. एक सोडून.

"तुमचं बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "दुसरा सुळा मी आणला."

गोगटे क्षणभर गडबडले. इतक्या लवकर विजय मिळेल याची त्यांनी तयारी केली नव्हती. "बरं, बरं," ते म्हणाले. "लावा तुमची पेटी."

पेटी उघडायला जुन्या यंत्राला वेळ लागला. मुजावर उभेच होते. चित्र वरून खाली, पट्ट्यापट्ट्यांनी उतरत आलं. आधी आकाश, मग जोडकातळ, मग भेग.

फूल आलं. रंग भडक, कडा खडबडीत, जागोजाग ठिपके. नव्या झरोक्यातल्यापेक्षा कितीतरी कुरूप. पण जांभळं होतं, आणि मध्ये काजळाचं बोट होतं.

"आता, शलाका," यामिनीबाई म्हणाल्या, "ही आवृत्ती निघाली तेव्हा काजळीचं नावसुद्धा कोणी ऐकलं नव्हतं. एकही चित्र छापलेलं नव्हतं. याला ती माहीतच नाही. मग हा ती मनाने काढणार कुठून?"

बर्वेंनी पेटीवरचा आणि गोगट्यांच्या झरोक्यावरचा पहिल्या आवृत्तीचा ठसा ताडून पाहिला. मग फुलाच्या जागी किती खुणा साठवल्या आहेत ते पाहिलं. बाकी सगळा सडा मोजक्या खुणांत आटोपला होता, आणि त्या बोटभर फुलावर खुणांची गर्दी होती. झरोका तिथे ठायी ठायी चुकत होता, म्हणून ठायी ठायी सांगावं लागलं होतं.

"अज्ञानाची साक्ष," बर्वे म्हणाल्या. "घेते मी ही. वकिलाला यात हात घालायला जागा नाही."

गोगट्यांनी टाळी वाजवली. मुजावर मात्र पडद्याजवळ वाकले होते.

"ताई, पाकळ्या मोजा."

यामिनीबाईंनी मोजल्या. चार अखंड. पाचवीचा शेंडा नव्हता, कडेला अर्धगोल दाते होते.

"भुंगेऱ्याने खाल्लीये," मुजावर म्हणाले. "तुमच्या झरोक्यात पाचही पूर्ण होत्या."

"धूळ समजून पुसली असणार. आणि पाकळी पुरी केली."

"माझ्या निबंधातले सगळे फोटो... मी नव्या झरोक्यात पाहिले."

बाहेर बाजारात कोणीतरी केळ्यांचा भाव मोठ्याने पुकारत होतं.

"म्हणजे कीड कमी झालीच नाही," बर्वे सावकाश म्हणाल्या. "खाणवाल्यांचा दुसरा मुद्दाही गेला."

"मुद्दा गेला, आणि माझी दहा वर्षंही गेली." मुजावर हसले की काय ते नीट कळलं नाही. "सडा जिवंत होता हो. मीच त्याला मेलेला ठरवला. आणि दर वर्षी वाटायचं, फुलं किती निर्दोष यायला लागलीत!"

यामिनीबाईंनी पुन्हा त्या कुरतडलेल्या पाकळीकडे पाहिलं. त्यांच्या झरोक्यातून रुग्णालयं हाडांची चित्रं पाहत होती, अभियंते धरणांच्या भिंती पाहत होते. हाडं बहुधा अखंड दिसत असावीत. भिंतींनाही फारशा चिरा नसाव्यात. आणि हे लक्षात आलेला माणूस काड्यापेट्या जमवत होता.

त्यांनी फोन काढला आणि गोगट्यांच्या सगळ्या तक्रारी, पहिलीपासून, पुन्हा खुल्या केल्या. मग सहकाऱ्यांना एकच ओळ लिहिली: पुसण्याचा नियम आजच काढा, डाग दिसू द्या. उद्या सकाळी किती शिव्या येतील याचा हिशेब त्यांनी केला नाही.

गोगटे संगणकाजवळ घुटमळत होते. मान मिळाल्यामुळे त्यांचा आवाज पार मऊ झाला होता.

"बाई, तुम्ही एवढ्या घरी आलात, चूक कबूल केलीत. मीही काही आडमुठा नाही. हा कोपऱ्यात 'नवी आवृत्ती घ्या' म्हणून चौकोन येतो ना रोज," त्यांचं बोट कळीवर टेकलं होतं, "तुमच्या समाधानासाठी आता दाबतोच."

"नको!" तिघंही एकदम ओरडली.