आठव्या नंबरचं उत्तर

तुमचा यंत्रांवर विश्वास आहे, म्हणून तुम्हालाच सांगतो. मध्येच हसू मात्र नका.

फळांच्या शीतगृहात दुपारी यंत्रं जोडायचं काम होतं. सात थंड खोल्या, प्रत्येकीत तापमान नोंदवणारा एकेक डेटा लॉगर, आणि सगळे एकाच तारेवर. अशा तारेची शिस्त कडक असते. ऑफिसातला कॉम्प्युटर नंबर पुकारतो, ज्याचा नंबर त्यानेच उत्तर द्यायचं. बाकीच्यांनी तोंडात मिठाची गुळणी धरायची. मला एक खोड आहे. जोडणी झाली की शेवटच्या पुढचा एक नंबर मुद्दाम पुकारून बघतो. काहीच आलं नाही की तार स्वच्छ.

त्या दिवशी आठव्याने उत्तर दिलं. सदतीस.

सगळ्या खोल्यांत दोन-तीन अंश. मग सदतीस येणार कुठून? तारेतच गडबड असेल म्हणून जोड काढून पुन्हा बसवला, पुन्हा पुकारलं. छत्तीस... आणि थोड्या वेळाने पस्तीस. हा अंगातल्या उबेचा आकडा होता, आणि तो उतरत होता.

"मॅडम, आत कोणी आहे का?" मी मॅनेजरबाईंना विचारलं.

"छे! सगळे जेवायला गेलेत. तुमचे दाजीसुद्धा."

दाजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान. तिथे पेट्या रचायच्या कामावर होते, मला हे काम त्यांनीच मिळवून दिलेलं. मी बाहेर डोकावलो. त्यांचा डबा बाकावर होता, न उघडलेला.

आम्ही एकेक दार उघडत धावलो. पाचव्या खोलीच्या दाराची आतली मूठ निखळली होती आणि दाराशीच दाजी मुटकुळं करून पडले होते. ओठ निळे, पण श्वास चालू होता. मी अक्षरशः रडलो. ताईला काय तोंड दाखवलं असतं!

ऑफिसात आणून हीटरपुढे बसवलं, ब्लँकेटं गुंडाळली, कोमट पाणी पाजलं. हळूहळू चेहऱ्यावर रंग आला.

"मरतोय कसला? तुझ्या ताईची बोलणी खायची राहिलीत अजून," ते म्हणाले. आम्ही तिघंही हसलो. ॲम्ब्युलन्स निघाली होती.

मग माझं लक्ष पडद्याकडे गेलं. आठवा अजून उत्तर देत होता. एकतीस... तीस...

मी पाचव्या खोलीत पुन्हा जाऊन आलो. पेट्यांच्या मागेसुद्धा बघितलं, सहावी-सातवीही उघडून पाहिली. कुठेच कोणी नव्हतं. परत येऊन दाजींचा हात धरला. चांगला गरम होता.

"दाजी, बरं वाटतंय ना आता?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं, पण ओळख दिसली नाही. आवाज अगदी बारीक, बंद दाराआडून यावा तसा.

"केव्हाच्या हाका मारतोय... कोणी दार का उघडत नाही रे?"

पडद्यावर एकोणतीस आलं.