डक्टमधला वारा

विमान बांधायला आम्हां दोघा भावांना सात वर्षं लागली. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये, रविवार आणि उरल्यासुरल्या रजा जोडून. पंख, सांगाडा आणि उडवणं दादाचं. इंजिन थंड ठेवणं माझं. इंजिन भंगारातल्या मोटारीचं, रोटरी जातीचं, पाण्याने थंड होणारं. आकाराने पातेल्याएवढं, पण एकदा तापलं की कुणाच्या बापाचं ऐकत नसे. म्हणून पोटाखाली रेडिएटर आणि त्याच्यापर्यंत वारा नेणारी पत्र्याची पेटी, म्हणजे डक्ट. दादा मला पाणक्या म्हणायचा. "विमान माझं, पाणी याचं," असं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा.

डक्टमधून वारा नीट जातो का, हे पाहायला आत लोकरीचे दोरे चिकटवतात. वारा सरळ असला की दोरे मागे आडवे पडतात. वहिनींच्या विणकामातली लाल लोकर मागून मी चोवीस तुकडे लावले, आत छोटा कॅमेरा बसवला आणि दादाला विमान धावपट्टीवर नुसतं पळवायला सांगितलं. खालचे सोळा दोरे शहाण्यासारखे पडले. वरच्या ओळीतले आठ मात्र उलटे फिरून तोंडाकडे बघत होते. म्हणजे रेडिएटरच्या वरच्या भागाला वारा शिवतच नव्हता. डक्टच्या तोंडाशी एक वळणाचा पत्रा बसवला की भागलं असतं. दोन तासांचं काम.

पण दादाने रजा काढली होती, आकाश स्वच्छ होतं, आणि मला डक्ट पुन्हा खोलायचा कंटाळा आला होता. एवढं सरळ वाक्य लिहायला मला दोन वर्षं लागली.

"काय पाणक्या, होईल ना?"

"होईल की," मी म्हणालो.

सकाळी दहा चाळीसला तो उडाला. अकराव्या मिनिटाला रेडिओवर त्याचा आवाज आला, "पाणी एकशे अठरा अंश दाखवतंय रे." मग इंजिन बंद पडलं, आणि खाली दगडी उतार होता. चौकशीवाल्यांनी 'इंजिन तापले' एवढंच लिहिलं. वहिनींनी मला एकदाच विचारलं, "भाऊजी, आधी काही कळलं नव्हतं का?" मी नाही म्हणालो.

चौकशी संपल्यावर अवशेष परत मिळाले. डक्ट जवळजवळ शाबूत होता, रेडिएटर आणि दोऱ्यांसकट. मी तो शेडमधल्या टेबलावर ठेवला आणि त्याच्याकडे पाठ करून काम करायची सवय लावून घेतली.

या वर्षी एका सकाळी झाडताना दोरे हलताना दिसले. पंखा बंद, शटर खाली, खिडकी लावलेली. काडी पेटवून डक्टबाहेर धरली. ज्योत सरळ उभी. आत सोळा दोरे आडवे पडले होते, वरचे आठ उलटे. रेडिएटरच्या नळ्या कापलेल्या, आत थेंब नाही. तरी हात लावला तर चटका बसला. दहा एक्कावन्नला सगळे दोरे एकदम लोंबले.

दुसऱ्या दिवशी दहा चाळीसला तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. मी पंपांच्या कारखान्यात तीस वर्षं काढली आहेत, भुताखेतांशी माझं देणंघेणं नाही. चौथ्या दिवशी मी पहाटे उठून वळणाचा पत्रा कापून डक्टच्या तोंडाशी बसवला. दोनच तास लागले.

दहा चाळीसला चोवीसच्या चोवीस दोरे आडवे पडले. दहा एक्कावन्न झाले, उलटून गेले. रेडिएटर नुसता कोमट. मी ओक्साबोक्शी रडलो. वाटलं, उशिरा का होईना, निभावलं.

त्या दिवशी विमानाच्या टाकीत दोन तासांचं पेट्रोल होतं, मीच भरलेलं. एक वाजला. संध्याकाळ झाली. दोरे तसेच. दुसऱ्या सकाळी तसेच, आणि त्याच्या पुढच्याही.

पत्रा बसवल्यापासून सहाव्या दिवशी वहिनी जेवायला बोलवायला आल्या आणि दारातच थबकल्या. मी त्यांना सगळं सांगितलं. ते आठ उलटे दोरेसुद्धा. त्यांनी चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग त्यांनी डक्टच्या तोंडाशी हात नेला. त्यांची बाही फडफडू लागली.

"सहा दिवस ते एकटेच आहेत वर," त्या म्हणाल्या. "ना झोप, ना खाणं."

"पण वहिनी, इंजिन थंड आहे. आता काही होणार नाही त्याला."

"म्हणूनच उतरता येत नाहीये त्यांना. काढा तो पत्रा."

"काढला तर तापेल."

"तुम्ही बसवलात ना? मग तुम्हीच काढा."

मी पकडीने पत्रा ओढून काढला.

वरचे आठ दोरे उलटे फिरले.

वहिनींनी रेडिएटरवर तळहात ठेवला. तो तापत गेला तरी त्यांनी हात उचलला नाही.

अकरा मिनिटं.

दोरे लोंबले.

"उतरले," वहिनी म्हणाल्या. दोन वर्षांत पहिल्यांदाच त्यांचा चेहरा सैल झाला.

तेवढ्यात रेडिएटरच्या जाळीतून पाणी टपकू लागलं. आधी थेंब, मग धार.

"हे काय, भाऊजी?"

"कूलंट," मी म्हणालो. "इंजिनातलं पाणी. उतरल्यावर गळतं थोडंफार."

त्या मान डोलावून ताटं वाढायला गेल्या. मी फडकं घेऊन वाकलो. कूलंट गोडसर लागतं. मी बोट बुडवून जिभेला लावलं.

गार होतं, आणि खारट. आमच्या गावापासून समुद्र नऊशे किलोमीटरवर आहे.