चुलबंद आवतण

ही गोष्ट खरी आहे. पटत नसेल तर इथंच थांबा, माझं काही म्हणणं नाही. पण मला ही ज्यांनी सांगितली ते मुंजाजी आजोबा, म्हणजे माझ्या आजोबांचे थोरले भाऊ, चेष्टेतसुद्धा खोटं बोलायचे नाहीत. आणि त्या दिवशी ते स्वतः तिथं हजर होते.

भुताची गोष्ट म्हटलं की लोकांना अमावस्या लागते, पिंपळ लागतो. इथं त्यातलं काही नाही.

साल फसली तेराशे चाळीस, म्हणजे इंग्रजी एकोणीसशे एकतीस. निजामाचं राज्य. चैत्र महिना, रविवार, आणि वेळ भर दुपारची.

बीड जिल्ह्यात, दिंद्रुडपासून बैलगाडीनं अर्ध्या दिवसाच्या वाटेवर एक कसबा आहे. नाव सांगत नाही. त्या जागेवर आजही माणसं राहतात, दुकानं चालतात. उगं त्यांची झोप कशाला मोडा.

त्या कसब्याच्या मध्यावर एक पेठ होती. चौदा घरांची. प्लेगच्या साली सरकारनं ती रिकामी करायचा हुकूम काढला, पण हुकूम पोचेपर्यंत उशीर झाला होता. चौदा घरांत माणूस उरलं नाही. घरं उघडी पडली, भिंती पावसानं बसल्या. एकोणीस वर्षं ती जागा तशीच पडून होती. बाजाराला खेटून असलेली जागा, सोन्याचा भाव येईल अशी. पण तिथं कुणी शेरडूसुद्धा बांधलं नाही.

मग मोहनराव नावाच्या गुत्तेदारानं ती सरकारकडून घेतली. मधोमध बिजलीचं इंजिनघर. समोर रस्त्याच्या तोंडाला बारा दुकानं. मागं भाडेकरूंसाठी वीस खोल्या. लोक म्हणाले, मोहनरावाचं डोकं फिरलंय. मोहनराव म्हणाला, दिवे लागले की भुतं पळतात.

कामावर मुकादम म्हणून कोण आला असेल?

बंकट.

त्या चौदा घरांतला एकच जिवंत राहिलेला माणूस. प्लेगात तो कापसाची गाडी घेऊन दिंद्रुडला गेलता. आठ दिवसांनी परत आला तर पेठेच्या तोंडाला पहारा. आत सोडेनात. घरात बायको मंजुळा होती आणि तीन वर्षांची भिवरा. त्या कधी गेल्या, कुणी उचललं, कुठं जाळलं, कुणालाच सांगता आलं नाही. बंकटनं दोघींचं तोंड पाहिलं नाही, राखही पाहिली नाही.

तेव्हापासून तो माणूस बधिर झाला होता. रडला नाही, हसला नाही. दुसरं लग्न केलं नाही. जेवण वाढलं तर जेवायचा, नाही वाढलं तर तसाच झोपायचा.

हे काम त्यानं स्वतः जाऊन मागून घेतलं. स्वतःच्या घराचा उंबरा त्यानं स्वतःच्या पहारीनं उपटला. इंजिनाचा खड्डा नेमका त्याच्याच घराच्या जागी आला होता. लोक थुंकले. म्हणाले, काय मेल्या मनाचा माणूस आहे.

मुंजाजी आजोबा तेव्हा त्याच्या हाताखाली होते. त्यांनी एकदा विचारलं, "बंकटदादा, कावून घेतलं हे काम? दुसरं न्हाई का मिळत?"

बंकट म्हणाला, "मुंजा, दुसऱ्या कुणी खणलं असतं तर काय निघालं ते मला कळलं नसतं. बांगडीचा तुकडा निघू दे, वाळा निघू दे. त्या हितं होत्या, एवढी एक खूण मिळाली तरी बास हाय मला."

आठ महिने त्यानं प्रत्येक घमेलं नजरेखालून घातलं.

काही निघालं नाही.

बांधकाम उरकलं. हैदराबादेहून इंजिन आलं, आणि त्याच्याबरोबर रहमतुल्ला मिस्त्री आला. रविवारी इंजिन सुरू करायचं आणि सगळ्या कसब्याला जेवण घालायचं, असं मोहनरावानं ठरवलं. लोकांच्या मनातली भीती जायची तर जागेवर पंगती उठल्या पाहिजेत, असं त्याचं म्हणणं. साधंसुधं नाही, चुलबंद आवतण.

आता नव्या लोकांना ते सांगावं लागतं. चुलबंद आवतण म्हणजे त्या दिवशी घरातली चूल पेटवायचीच नाही. तान्ह्या लेकरापासून म्हाताऱ्यापर्यंत झाडून सगळ्यांनी जेवायला यायचं. आवतणाला मान म्हणून घरात भाकरीचा तुकडाही ठेवायचा नाही.

शनिवारी दिवसभर बंकट आणि मुंजाजी घरोघर फिरले. दिवस मावळायच्या आत जागेवर परतले, तर दारात मोहनरावाचा मुन्शी विठ्ठलराव पान खात बसला होता. त्याला चेष्टेची खोड.

"झालं का सगळ्या गावाला आवतण?"

"झालं."

"आन् तुझी पेठ? ती राहिली की बे. शेजाऱ्यांना सोडून जेवण करतो का कुणी?"

बसलेले चार गडी हसले.

बंकट हसला नाही. सरळ पहिल्या दुकानापुढं गेला. दुकानाला फळ्या लावलेल्या, आत काहीच नाही. तिथं पूर्वी युसूफ पिंजाऱ्याचं घर होतं.

"युसूफभाई, उद्या दुपारी जेवायला या. चुलबंद आवतण हाय."

आणि तो थांबला. मग दुसऱ्या दुकानापुढं.

"चंद्रभागाकाकू, उद्या समदे जेवायला या. चुलबंद आवतण हाय."

पुन्हा थांबला.

मुंजाजी मागं मागं हसत चालले होते. पाचव्या दुकानाशी त्यांनी विचारलं, "दादा, दर बारीला थांबतो कावून?"

बंकट साध्या आवाजात म्हणाला, "हो म्हणेपर्यंत थांबावं लागतं ना."

मुंजाजींचं हसू तिथंच थांबलं. मागं वळून बघितलं तर विठ्ठलरावाचे गडी बोलत होते, तोंडं हलत होती... पण त्यांचा आवाज येत नव्हता. मुंजाजींना वाटलं, कान भरले असतील. पुढचं आवतण मात्र त्यांना स्वच्छ ऐकू आलं.

दुकानं झाली. मागच्या खोल्यांशी एक घर होतं, तेही झालं. तेरा घरं. मग बंकट इंजिनघरापुढं आला, आणि न बोलता पुढं निघाला.

"हितं न्हाई द्यायचं?" मुंजाजींनी विचारलं.

"हे माझं घर हाय. आपल्या घराला कुणी आवतण देतं का, येड्या?"

रविवारी सगळा कसबा लोटला. मोहनरावाचा होरा बरोबर निघाला. भीती भीती म्हणतात, पण गव्हाच्या खिरीपुढं भीतीचं काय चालतं? कौशल्याबाई आचारीण होती, इंजिनघराच्या मागं तिच्या चुली. सहाशे माणसांचं रांधलं होतं. चारशे माणसं जेवून, हात धुऊन, सावलीला पांगली. दोनशेंचं अन्न शिल्लक राहिलं. कौशल्याबाई खुशीत होती.

बंकट तिच्याजवळ आला. "बाई, अजून एक पंगत हाय."

त्यानं मुंजाजींना बारा दुकानांपुढं पत्रावळी मांडायला लावल्या. साठ-एक पत्रावळी. वाढायला लावलं. खीर, भात, वरण, भाजी. विठ्ठलराव लांबून बघत होता, पण आता त्याला चेष्टा सुचत नव्हती.

बंकट पंगतीच्या तोंडाला उभा राहिला आणि म्हणाला, "चला, पानं वाढलीत. बसून घ्या."

त्याच वेळी रहमतुल्लानं इंजिन सुरू केलं. धाड धाड धाड. जमीन हादरायला लागली. पट्टा फिरायला लागला.

आणि मग... आवाज गेला.

इंजिन बंद पडलं नव्हतं. पट्टा फिरत होता, चाक फिरत होतं, पायाखालची जमीन हादरत होती. पण आवाज नव्हता.

खिरीवर माश्या घोंगावत होत्या. त्या उठल्या... एकही परत बसली नाही.

मुंजाजी खिरीची बादली घेऊन पंगतीच्या टोकापर्यंत गेले. मागं वळले.

पहिली पत्रावळ रिकामी होती.

कुणी उचललं नव्हतं, सांडलं नव्हतं. बोटांनी निपटून खाल्ल्यावर पान दिसतं, तसं ते दिसत होतं. त्यांनी पुन्हा वाढलं. दुसरं वाढलं, तिसरं वाढलं. टोकाला गेले, वळले.

पुन्हा रिकामी.

मुंजाजी सांगायचे, "मला भ्याव वाटायला पायजे होतं. पर न्हाई वाटलं रे. अंगात काही उरलंच नव्हतं. हात वाढीत होते, पाय चालत होते. माणसं लई भुकेली होती, एवढंच कळत होतं."

सावलीला बसलेली माणसं एकेक करून उठली आणि निघून गेली. पळाली नाहीत, नुसती गेली. विठ्ठलरावही गेला. मोहनराव तर त्याआधीच गेला होता.

किती वेळ गेला ठाऊक नाही. कौशल्याबाईनं मुंजाजींच्या दंडाला धरलं, तेव्हा त्यांना कळलं की तिचा आवाज ऐकू येतोय.

"मुंजाजी, कढईत कायबी न्हाई. भात संपला. समदं संपलं."

धाड धाड धाड. इंजिनाचा आवाजही परत आला होता. पंगतीत साठ रिकामी पानं पडली होती.

बंकट रिकाम्या कढईकडं बघत होता. एकोणीस वर्षांत त्याच्या तोंडावर पहिल्यांदा काहीतरी हललं.

"बाई, माझं घर राहिलंय अजून."

"म्हंजी?"

"घरची माणसं मागून जेवत्यात. पाव्हणे उठल्याबिगर मंजुळा बसायची न्हाई. ती यील आता. एक पान तरी काढा."

कौशल्याबाईनं सगळी भांडी खरडली. मूठभरही निघेना.

बंकट पळत सुटला. समोरच्या घरात शिरला. भाकरी मागितली. चूल गार. शेजारच्या घरात गेला. चूल गार. रहिमाबीच्या घरी गेला. ती म्हणाली, "भाऊ, तुमीच तर सांगून गेलते ना, चूल पेटवू नका म्हणून?"

सगळ्या कसब्यात त्या दुपारी एक भाकरी नव्हती. दारोदार फिरून चुली त्यानंच बंद केल्या होत्या.

शेवटी कौशल्याबाई म्हणाली, "माझ्या घरी चल. पीठ हाय. दोन भाकरी थापते, किती वेळ लागतो?"

तिघं तिच्या घरी गेले. चूल पेटता पेटेना. पेटली. तिनं घाईघाईनं भाकरी थापली, तव्यावर टाकली. एक मोठी, एक लहान. बंकटनं त्या तव्यावरनंच हातात घेतल्या, फडकंही मागितलं नाही, आणि निघाला. मुंजाजी मागं.

इंजिनघराशी रहमतुल्ला मिस्त्री हात पुसत उभा होता. तो परगावचा माणूस. त्याला पेठेचं काही ठाऊक नव्हतं, आणि दिवसभर इंजिनापुढून तो हलला नव्हता.

"मुकादम, किधर गये थे तुम? एक बाई आयी थी, बच्ची कू लेको."

बंकट थांबला.

"पीछे से आयी, चूल्हे के पास. पूछी, सबका हुआ क्या? मैं बोला, हौ बाई, सबका हो गया."

"मग?"

"फिर उन कढई में झाँक को देखी. हँसी जरा. बच्ची का हात पकड़ी, चली गयी."

"किती वेळ झाला?"

"अब्बीच. तुम आये, उससे जरा पहले." रहमतुल्लानं डोकं खाजवलं. "बच्ची जाना नई बोल रही थी. माँ कू पूछी... 'आई, आज बी न्हाई का?' किसकी थी वो बाई? बुला लेते ना, बिचारी भूकी गयी."

बंकट त्या कढईशेजारी खाली बसला. मुंजाजींनी त्याच्या हातातल्या भाकरी काढून घेतल्या, तेव्हा बघितलं, तळहाताला फोड आले होते. बंकटला ते ठाऊकच नव्हतं. तो एवढंच म्हणत होता, "आली होती रे. मी घरी नव्हतो. पुन्हा नव्हतो."

आणि मग तो रडला. दिवे लागले, पहिल्यांदाच त्या कसब्यात बिजलीचे दिवे लागले, ते बघायला पुन्हा माणसं जमली, तरी तो रडतच होता.

पुढं दुकानं चालली, खोल्या भरल्या. बंकटनं इंजिनघराला लागून असलेली खोली घेतली. रोज दुपारी तो दोन भाकरी करायचा, एक मोठी, एक लहान, आणि दार उघडं टाकून बसायचा. अकरा वर्षं. कुणी आलं नाही. संध्याकाळी त्याच भाकरी तो खायचा.

त्या दिवशी काय झालं, ते मला विचारू नका. मुंजाजी आजोबांनाही ठाऊक नव्हतं. मला फक्त ती पोर सोडत नाही. तीन वर्षांची पोर आणि एकोणीस वर्षांची भूक. ती अजून तिथंच आहे का, तिला कुणी काही दिलं का, कुणाला विचारायचं?

आमच्या घरी कार्य असलं की घरातल्या बायका-लेकरांची पानं आम्ही पहिल्या पंगतीला वाढतो. पाहुणे नावं ठेवतात, रीत नाही म्हणतात. ठेवू द्या.