कोपरा उडालेला दात

अपेंडिक्स कापायला मिसाओला फार वेळ लागत नसे. शेंडा उभा चिरायचा, उरलेल्याच्या आडव्या चकत्या करायच्या, आत काय आहे ते बघायचं. समुद्राकाठच्या त्या लहानशा इस्पितळात ऑपरेशनमधून निघालेलं सगळं तपासणीसाठी तिच्याच टेबलावर येई. खिडकीतून वाळत घातलेल्या माकुळ मासळीचा वास येई.

त्या सकाळी एका म्हाताऱ्या कोळ्याचं अपेंडिक्स आलं. सुजलेलं, लालभडक. सुरी कशाला तरी अडली. चिमट्यानं बाहेर काढलं तर दुधाचा दात, मुळासकट.

"आजोबांनी नातू खाल्ला वाटतं," तिचा मदतनीस तोकुरा म्हणाला. "डॉक्टरीणबाई, म्हाताऱ्याच्या तोंडात तर सगळी कवळी आहे."

मिसाओ हसली. मग तिनं दात भिंगाखाली धरला. खालचा, पुढचा. डावा कोपरा उडालेला.

चिनात्सुचा, तिच्या लेकीचा दात असाच कोपऱ्यात उडाला होता, बागेतल्या घसरगुंडीवर. पण तो अजून तिच्या तोंडातच होता. संध्याकाळी दात घासून देताना मिसाओनं बोट लावून पाहिलं.

"हलतोय का गं?"

"नाही ना. कधी पडणार? मला तो छपरावर फेकायचाय. बाबा म्हणाले, खालचा दात उंच फेकला की नवा सरळ येतो."

पुढच्या आठवड्यात एका शाळकरी मुलीचं अपेंडिक्स आलं. त्यातही दात. तोच कोपरा. या वेळी तोकुरानं स्वतःच भिंग पुढे केलं. दोन्ही दात मिसाओनं एका छोट्या बरणीत घालून कोटाच्या खिशात ठेवले. घरी सांगणार तरी काय?

मग एका सकाळी चिनात्सुनं भात तसाच ठेवला. बेंबीभोवती दुखत होतं. दुपारपर्यंत दुखणं उजवीकडे खाली सरकलं.

"एका पायावर उडी मार बघू, राणी."

तिनं उडी मारली आणि पोट धरून वाकली. मिसाओनं हलकेच दाबून हात झटकन काढला, तशी ती कळवळली. ही सगळी लक्षणं मिसाओला पाठ होती. आपलं चुकावं, असं तिला पहिल्यांदाच वाटलं.

"जरा थांबता येईल का?" तिनं सर्जन आन्झाईंना विचारलं.

"थांबलो तर फुटेल. हे मी तुम्हाला सांगायचं का?"

भूल देणाऱ्या बाईंनी आधी चिनात्सुचं तोंड तपासलं. "एकही दात हलत नाही," त्या म्हणाल्या.

ऑपरेशननंतर, घरच्यांना दाखवायच्या रिवाजाप्रमाणे, आन्झाई ट्रे घेऊन बाहेर आले. मिसाओचा नवरा, रिओसुके, त्या ट्रेपुढे वाकून आभार मानू लागला.

"उघडून दाखवा," मिसाओ म्हणाली.

त्यांनी चिरलं. पू. बाकी काही नाही.

"आणखी काय हवं होतं तुम्हाला?" आन्झाई हसले.

मिसाओ चिनात्सुच्या खाटेपाशी जाऊन बसली.

चिनात्सु शुद्धीवर आली. आईकडे बघून हसली.

खालचा दात अख्खा होता.

मिसाओनं त्यावरून बोट फिरवलं. कोपरा गुळगुळीत.

"रिओसुके, हिचा दात बघ."

"काय बघू? आहे की."

"कोपरा उडाला होता ना."

"कधी?"

मिसाओचा हात खिशात गेला. रिओसुके पाणी आणायला बाहेर पडला.

"आई," पोर हळूच म्हणाली, "तुझ्या खिशातले दात दे ना. छपरावर फेकायचेत."

मुठीतली बरणी उबदार होत चालली होती.