डब्यातला भात

"निगेटिव्ह! ताई, निगेटिव्ह आला रिपोर्ट!"

टिंबूची आई चपलांसकट स्वयंपाकघरात घुसली, कागद नाचवत, आणि हसता हसता एकदम रडायलाच लागली. "काही नाहीये हो माझ्या पोरीला! तो गव्हाचा आजार नाही, काही नाही!"

आत्याच्या हातातलं पातेलं सुटलं नाही, पण सुटायचंच बाकी होतं बघा! कारण घरात तिला एकटीलाच एक गोष्ट ठाऊक होती...

म्हणजे झालं होतं असं. टिंबू सहा वर्षांची. हातपाय काड्या, पोट ढोलासारखं, आणि दोन वर्षं शाळेच्या बुटांची तीच जोडी, अंगठा काही पुढे सरकेचना! आई कपड्यांच्या दुकानात दिवसभर उभी, बाबा लांब पल्ल्याच्या बसवर ड्रायव्हर, त्यामुळे पोर वाढवली ती बाबांच्या थोरल्या बहिणीने, आत्याने. गल्लीच्या तोंडाशी तिची बेकरी, त्यामुळे तिच्या हातांना कायम ताज्या पावाचा वास, आणि टिंबू ते हात हुंगत हुंगतच झोपायची. पाव खाल्ला की टिंबू पोट धरून बसते, हे पहिल्यांदा दिसलं तिलाच. तिने सांगूनही पाहिलं. तर टिंबूची आई दमून आलेली, फटकन म्हणाली, "स्वतःचं मूल नसलं की माणूस दुसऱ्याच्या मुलाचा डॉक्टर होतो!"

बोलली आणि विसरली. आत्या नाही विसरली.

तिने वाद घातला नाही. शाळेच्या फाटकाशी रोज डब्यातला पाव काढायचा, भात भरायचा, आणि टिंबूच्या कानात सांगायचं, "आपलं गुपित हं!" सकाळी नुसतं दूध, रात्री तर घरात भातच. असे पाच महिने! पोट उतरलं, पोर पळायला लागली. पण उंची वाढेना, रक्त भरेना, म्हणून डॉक्टरांनी तपासणी लिहून दिली आणि विचारलं, "गहू रोज खाते ना?"

टिंबूची आई हसलीच. "बेकरीच्या घरातली पोर, डॉक्टर! दुसरं काय खाणार?"

शेजारच्याच खुर्चीत आत्या होती. खरं अगदी ओठांपर्यंत आलं होतं... पण ते जुनं वाक्य आडवं आलं, आणि ती गप्प बसली!

आणि आता टिंबूची आई लोणी लावलेला ताजा पाव लेकीच्या तोंडाशी नेत होती. "खा गं माझी राणी, पोटभर खा!"

"नको!" आत्या ओरडली, आणि पाच महिन्यांचं गुपित एका दमात बाहेर पडलं.

टिंबूची आई पांढरीफटक पडली. "माझ्या पोरीच्या तोंडचा घास काढलात? माझ्या पाठीमागे? चला! डॉक्टरांसमोरच सांगा हे!"

डॉक्टरांनी सगळं ऐकलं, चष्मा काढला, आणि ते रागावले नाहीत, हेच आत्याला जास्त लागलं. "हे बघा, शरीर गव्हाशी भांडतं ना, तेव्हा त्या भांडणाच्या खुणा रक्तात सापडतात. आपण त्याच मोजतो. पण गहू पोटात गेलाच नाही, तर भांडण कुणाशी? खुणा पुसल्या जातात. म्हणून या निगेटिव्हवर विसंबता येणार नाही."

"म्हणजे आजार असेल?" टिंबूच्या आईने विचारलं.

"असेल, नसेलही. काही आठवडे तिला रोज गहू द्यावा लागेल, माझ्या देखरेखीखाली. मग पुन्हा रक्त."

कोण देणार? आईने पाव पुढे केला की टिंबू ओठ घट्ट मिटायची. "पोट चावतं! आत्या नाही म्हणालीये." शेवटी तिसऱ्या दिवशी टिंबूची आई बेकरीच्या दारात उभी राहिली, मान खाली घालून. "ताई... तुमच्या हातूनच खाईल ती."

आणि मग, काय सांगू तुम्हाला! ज्या हातांनी पाच महिने पोरीला वाचवलं, त्याच हातांनी आत्या रोज सकाळी छोटासा पाव भाजायची, त्याला मनुकांचे डोळे लावायची, आणि घास घास भरवायची. "आपलं गुपित संपलं का गं?" टिंबू विचारायची. दुपारी ती पोट धरून निजायची, आणि एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला आत्या, दोघी तिचं पोट चोळायच्या. चोळता चोळता एके दिवशी हाताला हात लागला... आणि कुणीच काढून घेतला नाही.

दुसऱ्या रिपोर्टमधला त्या खुणांचा आकडा मर्यादेच्या कितीतरी वर होता. पुढच्या तपासण्यांनंतर मोठ्या डॉक्टरांनी पक्कं सांगितलं, गहू बंद, जन्मभर, कणभरसुद्धा नाही.

दवाखान्याच्या जिन्यातच टिंबूच्या आईने आत्याचे हात धरले. "ताई, तुम्हाला माझ्याआधी दिसलं होतं हो! मी किती लागट बोलले..."

"दिसलं, पण बोलले कुठे? त्या खुर्चीत गप्प बसले, आणि पोरीला पुन्हा ते सगळं भोगावं लागलं..." आत्याने तिचे डोळे पदराने पुसले. "चूक दोघींची गं. दुखलं मात्र तिला."

त्याच आठवड्यात आत्याने बेकरीची किल्ली जुन्या कारागिराच्या हाती दिली. "अहो, डॉक्टर म्हणालेत, हात धुऊन, कपडे बदलून आलात तरी चालेल!" टिंबूची आई काकुळतीला आली. "तुमचा जीव आहे त्या भट्टीत!"

"माझे केस, माझी नखं, सगळ्यात पीठ आहे गं. एकदा चुकले, आता मन धजत नाही." एवढंच म्हणाली आत्या, आणि नवा डबा घासायला बसली.

महिने गेले. जुने बूट टिंबूच्या पायात शिरेनात! नवे घालून ती धावत आली, आत्याच्या कुशीत शिरली, आणि सवयीने तिचे तळवे नाकाशी धरले. हुंगलं, पुन्हा हुंगलं.

"आत्या... तुझ्या हाताला आता तुझा वास येत नाही!"

आत्याने तिला आणखी जवळ ओढलं. दारातून ऐकणारी टिंबूची आई पुढे आली, त्या दोन्ही हातांवर तिने कपाळ टेकवलं, आणि ती हुंदके देऊन रडली... अगदी लहान मुलासारखी.