टेसाच्या शेजारची जागा

शाळेची बँडची खोली जिमच्या मागच्या अंगाला होती. ऑक्टोबर लागला की तिथे ओलसर लोकरी कोटांचा आणि पितळेच्या पॉलिशचा वास भरून राही. मार्लिस ओडेगार्डबाई तिथे इतकी वर्षं संगीत शिकवत होत्या, की गावातल्या निम्म्या आईबापांना ट्रम्पेट कसा फुंकायचा ते त्यांनीच दाखवलं होतं. प्रिन्सिपल ब्रेंट हॉगनसुद्धा त्यांचाच विद्यार्थी.

त्या सोमवारी तो कॉफीचा मग घेऊन दारात येऊन उभा राहिला.

"बाई, बोर्डाचं ठरलं. पुढच्या वर्षीपासून आपली पोरं बसने तालुक्याच्या शाळेत जाणार. जुने विद्यार्थी गावी येतात ती होमकमिंगची फुटबॉल मॅच, यंदाची ही शेवटचीच."

"आणि ही खोली?"

"कुलूप. नॉर्थ डकोटाच्या थंडीत रिकाम्या इमारतीला ऊब कोण देत बसणार?" मग जरा ओशाळून तो म्हणाला, "मॅचला सगळं गाव परत येईल. काहीतरी वाजवा, बाई. लोकांना रडवा थोडं."

"तू ट्यूबा वाजवायचास तेव्हा रडायचेच की लोक."

तो हसत हसत निघून गेला. बाईंनी कपाट उघडलं. मग त्यांनी शाळेचं जुनं गीत बाहेर काढलं, संथ लयीतलं. त्यांची लेक सिग्नी गेल्यापासून त्यांनी ते वाजवलं नव्हतं. गीताच्या मध्यावर फ्रेंच हॉर्नची एक लांबलचक ओळ होती, आणि सिग्नीनंतर शाळेत कुणी हॉर्न हाती धरलाच नव्हता. बाईंची ही एकुलती एक लेक अकरावीत असताना शाळेतून घरी येताना हिमवादळात सापडली. सकाळी बर्फ उपसणाऱ्या गाडीवाल्याला तिची मोटार दिसली, तेव्हा टाकीतलं पेट्रोल संपून हीटर बंद पडलेला होता आणि ती स्टिअरिंगवर डोकं टेकून झोपल्यासारखी बसली होती.

"हॉर्नची ओळ रिकामी राहील," बाईंनी मुलांना सांगितलं. "तेवढे ठोके मोजा आणि पुढे चला."

मुलं मोजत होती, तेव्हाच तो सूर पहिल्यांदा आला. अगदी खालून, भिंतीपलीकडून आल्यासारखा. बाईंना वाटलं, गरम पाण्याचे नळ घुमताहेत.

"हॉर्न कोण वाजवतंय?" टेसा वोल्फने विचारलं. ती दहावीतली, ट्रम्पेटवाली, मागच्या रांगेत टोकाला बसायची.

"तुझं पोट," ड्रमवरचा डेल म्हणाला. "आज जेवणात हॉटडिश जरा जास्तच हाणलीस तू."

सगळे हसले. बाईंनी हीटर बंद केला, जिमकडचं दार लावून घेतलं आणि पुन्हा सुरुवात केली. या वेळी सूर नीट ऐकू आला. तो भिंतीपलीकडून येत नव्हता. मागच्या रांगेत, टेसाच्या शेजारी, जिथे कुणीच नव्हतं, तिथून येत होता. ओळ संपता संपता, शेवटच्या सुराच्या अगदी आधी, मध्येच, चुकीच्या जागी श्वास घेतल्याचा आवाज आला.

बाईंनी ताल द्यायची छडी खाली घेतली. ही खोड मोडायला त्यांनी जिवाचा आटापिटा केला होता. 'सिग्नी, तिथे नाही गं, आधी घे श्वास.' आणि सिग्नी दर वेळी तिथेच घ्यायची.

त्या संध्याकाळी त्यांना जेवण गेलं नाही. लेकीच्या खोलीतली चादर बदलून त्या पलंगाच्या कडेवर बसून राहिल्या.

मग रोज तेच गीत. मार्चिंगच्या धुना बाजूला पडल्या. घंटा झाल्यावरही बाई म्हणायच्या, "अजून एकदा, राजांनो." सूर दिवसेंदिवस भरदार होत गेला. मुलांनी आधी एकमेकांकडे पाहिलं, कुजबुज केली, आणि मग पाहणंच सोडून दिलं. डेलची थट्टाही थांबली.

गुरुवारी टेसा तालमीनंतर मागे रेंगाळली. तिचे ओठ फिकट पडले होते आणि तिने कोट काढलाच नव्हता.

"बाई, मला जागा बदलून द्याल?"

"का गं?"

"तिथे फार गार लागतं. आणि..." ती अडखळली. "माझा श्वास पुरत नाही. मी घ्यायला जाते, तर कुणीतरी आधीच घेतलेला असतो."

बाईंनी तिचा हात हातात घेतला. बर्फासारखा होता. त्यांनी लगेच तिला खिडकीजवळ बसवलं आणि तिच्या एकटीकडून गीत पुन्हा वाजवून घेतलं. ती खणखणीत वाजवत होती. गालांवर रंगही परतला. आणि हॉर्नची ओळ आली, तशीच निघून गेली. नुसती शांतता.

खोलीतली ती शांतता बाईंना सोसवेना.

शुक्रवारी सकाळी शेवटच्या तालमीला त्यांनी खुर्च्या लावल्या. टेसा दारातून खिडकीकडे वळली.

"टेसा," बाई तिच्याकडे न पाहता म्हणाल्या, "तुझ्या नेहमीच्या जागेवर बस, बाळ. आजचा एकच दिवस."

टेसाने कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावली. मग मागच्या रांगेकडे गेली.

मॅच दुपारची होती. ऊन लख्ख, पण हवा कापत होती. बाकांवर ब्लँकेटं पांघरलेलं गाव बसलं होतं. मध्यंतराला बँड मैदानात रांगा धरून उभा राहिला; संघातही खेळणारा डेल आणि आणखी दोघे फुटबॉलच्या चिखलमाखल्या पोशाखातच धावत येऊन ड्रममागे उभे राहिले. बाईंनी छडी उचलली.

गीत मध्यावर आलं आणि हॉर्न वाजू लागला.

बाकांवरची बोलणी थांबली. ब्रेंटने टोपी काढली. हॉर्न कोण वाजवतंय, ते तो रांगेत शोधत होता.

सूर इतका जवळ होता, इतका ऊबदार.

थंडीत प्रत्येक मुलाच्या श्वासाची वाफ होत होती. बाईंची नजर मागच्या रांगेवरून सरकत टोकापर्यंत गेली. टेसाच्या शेजारी जागा रिकामी होती. तिथे, टेसाच्या खांद्याच्या उंचीवर, एक छोटासा पांढरा ढग उठत होता, विरत होता, पुन्हा उठत होता.

टेसाचे गाल फुगलेले होते. डोळे बाईंवर खिळले होते. तिच्या नाकातोंडातून वाफ येत नव्हती.

बाईंनी मूठ मिटली असती, तर सगळे सूर तिथल्या तिथे थांबले असते.

ओळ संपत आली. शेवटच्या सुराच्या आधी तो चुकीचा श्वास ऐकू आला.

बाईंनी डावा हात उंच केला आणि बोटाने हवेत एक वर्तुळ काढलं. पुन्हा, पहिल्यापासून.